मागच्या सीटचं वजन

"मांगं किती किलो बसन, काका?" प्रेमानंद मिस्त्रीने विचारलं.

"बासष्ट," आनंदराव म्हणाले.

बासष्ट किलोंच्या शेवंताबाई आजारपणाआधी होत्या. सोमवारी दवाखान्यातल्या काट्याने त्रेचाळीस दाखवले. बायकोचा चष्मा आपल्या हातात धरून आनंदरावांनी काटा वाकून वाचला आणि "पन्नासच्या आसपास" असं जाहीर केलं. चौतीस वर्षं भिलाईच्या प्लांटात क्वालिटी कंट्रोलला काढलेला माणूस. मिलिमीटरवरून साहेबांशी भांडलेला.

परतताना सेक्टर दोनच्या वळणावर मोटरसायकलची मागची स्प्रिंग तुटली होती. आता प्रेमानंदपुढे दोन जोड्या होत्या, एक कडक, एक नरम. त्याने स्टुलावर टेकलेल्या शेवंताबाईंकडे एकदा पाहिलं.

"काका, नरमवाली लावतो. कडकनं काकूले दनके बसतीन."

"बासष्ट सांगतलं ना तुले?"

प्रेमानंदने मुकाट्याने कडक जोडी लावली आणि खिशातून टेप काढला. "बसा दोघंबी. दीड इंच दबली पायजे. टेप झूठ नहीं बोलता."

दोघं बसली. प्रेमानंदने चाकापासून सीटपर्यंत मोजलं. "पाऊण."

आनंदराव जरा मागे सरकले. "आता?"

"एक."

ते आणखी सरकले. छातीत हवाही भरून घेतली. हवेलाही वजन असतं, हे त्यांना शाळेपासून ठाऊक होतं.

"अहो, कावून सरकून राहिले?" मागून शेवंताबाई म्हणाल्या. "मी पडीन ना खाली. लोकं पाहून राहिले."

"स्प्रिंग पाच वर्सं चालते," आनंदराव समोर हँडलकडे बघत म्हणाले. "आजचं वजन कावून सांगू मी?"

प्रेमानंद टेप गुंडाळत बसला. गुंडाळून झाल्यावर त्याने तो पुन्हा उलगडला.

शेवंताबाई खाली उतरल्या. उतरायला त्यांनी नवऱ्याच्या खांद्याचा आधार घेतला, आणि उतरल्यावरही हात तिथेच ठेवला.

"प्रेमानंद, नरमवाली लाव. मले आज घरी जायाचं हाय."

आनंदराव गाडीवरून खाली उतरले.

"अन् कडकवाली बांधून दे," शेवंताबाई पुढे म्हणाल्या. "पलंगाखाली राहीन. लागन तवा येतो आमी."

दोघं पुन्हा बसल्यावर नरम जोडीवर गाडी बरोबर दीड इंच दबली. प्रेमानंदने कडक जोडी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि गाडीच्या डिकीत टाकायला निघाला.

"इकडं दे," शेवंताबाईंनी पुडकं घेऊन मांडीवर ठेवलं. "किती वजन हाय याचं?"

"असन दोन किलो, काकू."

त्यांनी एका हाताने पुडकं धरलं, दुसऱ्याने आनंदरावांचा शर्ट.

"पंचेचाळीस झाले," त्या म्हणाल्या. "चला आता. हळू."