सातवा ठोका

भरदुपारी, अकोल्यातल्या घरी, गजेंद्रनं पंचवीस वर्षांनी तो प्रोग्रेसिव्ह मेटलचा, किचकट तालांच्या रॉकचा, अल्बम फोनवर लावला. अमरावतीला कॉलेजात असताना ललितनं त्याला तो कॅसेटवर भरून दिला होता.

शेवटचं गाणं मधेच तुटलं. कॅसेट संपायची, नेमकं तिथंच.

“बंद काहून केलं?” बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं. त्यानं हातही लावला नव्हता.

जुन्या सवयीनं त्यानं कॅसेट पलटावी तसा फोन पलटवला. गाणं पुढं सुरू झालं.

सातव्या ठोक्याला ड्रम चुकला. कॉलेजच्या बँडमध्ये हेच गाणं वाजवताना ललित तिथंच चुकायचा. त्यापायीच गजेंद्रनं त्याला चारचौघांत बँडमधून हाकललं होतं. पुढं ललित वारला, तेव्हा त्याच्या मातीलाही गजेंद्र गेला नाही.

ड्रम थांबला.

“चुकलो बे गज्या,” फोनमधून ललित म्हणाला. “पुन्हा घेऊ. पहिल्यापासून.”