आढी

जमैकात लेकीकडे आल्यापासून भाऊंना बाजारात जुनी ओळखीची माणसं भेटल्यासारखं वाटे. याम म्हणजे आपलं कोनफळ, डशीन म्हणजे अळकुडी. परसातल्या झाडावरच्या लाल फळाला, अ‍ॅकीला, तेवढं मराठी नाव सापडेना. म्हणून काय अडलं!

लेक ड्यूटीवरून आली तेव्हा टेबलावर नाश्ता मांडलेला होता. उकडलेलं कोनफळ, खारा मासा आणि त्यात परतलेला अ‍ॅकीचा पिवळाधमक गर. शेजारणीकडे खाल्ला होता, तस्साच.

"भाऊ, आपल्या झाडावरची अ‍ॅकी तर अजून उघडलीसुद्धा नव्हती."

"मग काय झालं? कच्चीच उतरवली आणि पलंगाखाली गवतात आढी घातली. रत्नागिरीत हापूस कधी झाडावर पिकवला होता का आपण?"

"हिला आढी चालत नाही, भाऊ! झाडावर आपणहून उघडेपर्यंत विष असते ती. तुम्ही खाल्लीत?"

"छे! आढीतलं पहिलं फळ देवाला, मग लेकराला. तुझ्या मिनूनं वाटीभर खाल्ली." भाऊंचा आवाज उतरला. "जरा ओकली, नि झोपली. मघापासून हाका मारतोय गं, ओ देतच नाही."