गडचिरोलीत आपलं कोण?

“माझ्या जाहिरातीवर कुणीही क्लिक करू नका!” मृण्मयीनं नातेवाइकांच्या ग्रुपवर रागानं लिहिलं. एका कंपनीची घरघंटी विकून दिली की कमिशन मिळणार होतं, म्हणून तिनं रोज पन्नास रुपयांची जाहिरात लावली होती. दर क्लिकला तीन रुपये कापले जायचे, आणि काल मावशीनं एकटीनंच कौतुकानं अकरा वेळा दाबलं होतं.

आज ग्रुप चिडीचूप होता. दुपारी मोबाइल वाजला. एकच क्लिक, आणि चक्क एक घरघंटी विकली गेली होती!

“मावशीच असणार,” ती पुटपुटली. मग तिनं ऑर्डरवर गिऱ्हाइकाचं गाव बघितलं आणि ताडकन उठली.

“आई, गडचिरोलीत आपलं कोण राहतं?”

“कुणीच नाही गं.”

“नक्की?”

“सांगते ना, कुणीच नाही!”

मृण्मयीनं आईला कणकेच्या हातांसकट गरागरा फिरवलं.