कोणाला कळवायचं

“हे सगळं माझ्या मुलाला कळतं का?” ब्लांचनं विचारलं.

“नाही आंटी,” नीरजा म्हणाली. “ह्या यंत्रानं कोणाला काय सांगायचं, ते तुम्हीच ठरवायचंय. म्हणून तर तुम्हाला बोलावलंय.”

ब्लांचला ते पटलं नाही. नॉर्थ यॉर्कमधल्या त्यांच्या बिल्डिंगच्या पार्टी रूममध्ये मराठी बोलणारे नऊ म्हातारे बसले होते. युनिव्हर्सिटीतली नीरजा त्यांना हाताशी धरून एक बोलकं यंत्र घडवत होती. ते रोज आज काय खाल्लं विचारी, भाजी वाढवा, मीठ कमी करा, असं सुचवी. ट्रायलसाठी प्रत्येकाच्या किचनमध्ये एकेक ठेवलं होतं. ब्लांचनं आपल्या यंत्रावर टॉवेल टाकला होता. त्यानं विचारलं की ती सॅलड खाल्लं म्हणे आणि सुका बांगडा भाजायला घेई. तिच्या मुलानं, जेरोमनं, विंडसरहून एका सीनियर्स होमचे कागद पाठवलेच होते. ह्या यंत्रानं एक चुगली केली की आपली रवानगी तिकडे, याबद्दल तिला शंका नव्हती.

“मग लिहून घे,” ती म्हणाली. “कोणी जेवो न जेवो, ह्यानं बाहेर कोणालाही कळवायचं नाही.”

नीरजानं हात वर करायला सांगितले. शेजारचा रॉड्नी आपल्या बुटांकडे बघत राहिला. तो वसईला तिच्याच चर्चच्या पॅरिशमधला. आता बाराव्या मजल्यावर एकटा, बायको गेलेली, मूलबाळ नाही. ब्लांचनं त्याला कोपरानं ढोसलं. त्यानंही हात वर केला.

तीन आठवड्यांनी रॉड्नी मीटिंगला आला नाही. फोनही उचलेना. ब्लांचनं सुपरिंटेंडंटला त्याचं दार उघडायला लावलं. तो किचनमध्ये जमिनीवर पडला होता. शुद्ध होती, उठायची ताकद नव्हती.

“फ्लू झाला,” हॉस्पिटलमध्ये सलाइन संपत आल्यावर तो म्हणाला. “चार दिवस पोटात काही ठरलं नाही.”

“आणि ते यंत्र?”

“त्याला रोज सांगत होतो. ते म्हणायचं, ऐकून वाईट वाटलं, थोडं सूप घ्या.” तो हसायला गेला आणि त्याला खोकला आला. “त्याची काही चूक नाही. नियमच तसा केला ना आपण.”

“मला फोन करायचास.”

“कोणाच्या खाण्यात कोणी नाक खुपसलेलं तुला आवडत नाही,” रॉड्नी म्हणाला.



पुढच्या मीटिंगला ब्लांच सगळ्यांच्या आधी पोचली होती.

“तो नियम बदल,” तिनं नीरजाला सांगितलं.

“म्हणजे मुलांना कळवायचं?”

“मुलांना नाही. मी दोन वेळा जेवले नाही तर रॉड्नीला कळव. तो जेवला नाही तर मला. त्याला विचारून आलेय.” मग सगळे जमल्यावर ती बाकीच्यांकडे वळली. “तुम्हीही आपापलं माणूस निवडा. आणि ज्याला कोणीच नसेल, त्यानं माझं नाव लिहा.”