चवरीविना

दहा मिनिटांत तिसऱ्यांदा नर्स सुनेत्राने घरच्या म्हाताऱ्या मालकांचं, बाबांचं, ब्लडप्रेशर मोजलं. ते होतं तेवढंच होतं. चाकांच्या खुर्चीतले बाबा वैतागून अरबीत काहीतरी पुटपुटले आणि त्यांनी हात काढून घेतला.

तिची बॅग दाराशी तयार होती. घरी जायच्या विमानाला चार तास उरले होते आणि बदली नर्स श्यामला शहराच्या दुसऱ्या टोकाहून, फरवानियाहून येणाऱ्या बसमध्येच अडकली होती. ती आल्याशिवाय बाबांना सोडता येत नव्हतं. सुनेत्राच्या पायाला नुसती भिंगरी लागली होती.

बाबांची मुलगी आफिया मात्र निवांत होती. लिलावात घेतलेल्या दोन संगमरवरी मूर्ती तिने आज सकाळीच बाबांच्या खुर्चीच्या दोन्ही बाजूंना उभ्या करवल्या होत्या. चवऱ्या ढाळणारे दोन सेवक, आठशे वर्षांचे. उजव्याचा हात मनगटापासून चवरीसकट तुटलेला.

"सुनेत्रा, हे तुमच्याकडचे ना?" तिने इंग्रजीत विचारलं. "यांच्या मध्ये कोण असतं?"

"तीर्थंकर. आम्हा जैनांचे. ज्यांना काहीच नको असतं, असे."

"काहीच नको, तर मग हे दोघे कशाला?"

 सुनेत्राने बस्तीत, गावच्या जैन मंदिरात, लहानपणापासून ही जोडी पाहिलेली, पण हे काही कधी मनात आलं नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला. सांगलीहून धाकटा भाऊ, नीरज.

"अक्का, तात्यांनी आज पाणीपण सोडलं."

तात्यांनी, तिच्या वडिलांनी, सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी सोडून देह ठेवण्याचं व्रत घेऊन बारा दिवस झाले होते. मुनिमहाराजांसमोर त्यांनी अन्न सोडलं, तेव्हा सगळ्या घराने हात जोडले. सुनेत्राने मात्र सलाइनच्या दोन बाटल्या घेतल्या आणि बॅगेत कपड्यांखाली ठेवल्या होत्या. अकरा वर्षं आयसीयूत काढलेली बाई ती. बाप असा वाळत जाताना तिला बघवणार कसा?

"मी निघालेच," ती दबक्या आवाजात म्हणाली. "त्यांना झोप लागली की सुई मी लावते. कळायचंसुद्धा नाही त्यांना."

 मग पलीकडून दमलेला श्वास आला. नीरजने फोन तात्यांच्याच कानाशी धरला होता.

"ये बाळ," तात्या म्हणाले. "पण मोकळ्या हातानं ये."

फोन बंद झाला तरी तो तिच्या कानाशीच होता. बेल वाजली. श्यामला धापा टाकत आत आली. सुनेत्राने तिला गोळ्या दाखवल्या, वेळा सांगितल्या, एक गोळी दोनदा सांगितली. मग दाराशी जाऊन बॅग उघडली, कपड्यांखालच्या दोन्ही बाटल्या काढल्या आणि औषधांच्या टेबलावर ठेवल्या.

"या कुणासाठी?" श्यामलाने विचारलं.

"कुणासाठी नाही."

सुनेत्राचे डोळे भरून आले होते. आफिया उठून जवळ आली. तिला धीर द्यावा म्हणून ती मूर्तीबद्दलच बोलली. "पुढच्या महिन्यात कारागीर येतोय. त्या उजव्याला नवीन हात बसवून घेते."

सुनेत्राने बॅगेची चेन लावली.

"नका बसवू," ती म्हणाली. "तो शेजारी उभा आहे. तेवढंच त्याचं काम."