बव्हेरियाचं नाणं

कुंभकोणमच्या राजगोपालांना जुन्या जर्मन संस्थानांची नाणी जमवायचा नाद होता. शेवटच्या आजारात तापानं फणफणलेली त्यांची बायको गोदा बव्हेरियाचं चांदीचं नाणं मुठीत धरून असे. "गार लागतं हो," म्हणायची. ते मुठीत असतानाच ती गेली.

तेव्हापासून ते नाणं निवेचना. शेजारची सॅक्सनी, हॅनोव्हरची नाणी मात्र थंडगार. राजगोपाल त्यावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवत बसत.

दारासुरमहून लेक भुवनेश्वरी आली. "उन्हानं तापलं असेल, अप्पा," म्हणत तिनं ते तळहातावर घेतलं. हळूहळू नाणं निवलं.

"उतरला गं ताप!" राजगोपालांचे डोळे भरून आले. मायेनं त्यांनी लेकीच्या कपाळावर हात ठेवला.

कपाळ पोळत होतं.