हिरव्या घरचं बोरन्हाण

खांबेटेकाकूंच्या नातीचं बोरन्हाण होतं आणि आमंत्रण फक्त हिरव्या कार्डवाल्यांना होतं. जनुकतपासणीत हिरवं कार्ड मिळालं, की साथीचा ताप म्हणजे दोन दिवसांचा खोकला. लाल मिळालं, की थेट व्हेंटिलेटर.

"समोरच्या हेमांगीला नाही बोलावलंत?" कोणीतरी विचारलं.

"लाल कार्डाची बाई शुभकार्यात कशाला? एकेकाचं रक्तच हलकं असतं," काकू खोकत म्हणाल्या. सकाळपासून अंगात कणकण होती, पण मास्क लावायला त्या काय लाल होत्या? त्याच तोंडाने त्यांनी दहा महिन्यांच्या ऊर्वीचे पटापट मुके घेतले. जमलेल्या बायकाही तशाच ऐटीत खोकत होत्या.

तेवढ्यात सुनेच्या, प्राजक्ताच्या मोबाईलवर ऊर्वीचं कार्ड आलं.

"मोठ्याने वाच," काकूंनी फर्मावलं. "कळू दे सगळ्यांना आमचं घराणं."

कार्ड लाल होतं. आईबाप दोघेही हिरवे, पण दोघांच्याही रक्तात एकेक दोष दडलेला होता आणि ऊर्वीच्या वाट्याला दोन्ही आले होते.

बायकांनी वाण घेतलं, पर्स उचलल्या आणि त्या निघाल्या.

"मशीनच चुकलं असणार," काकू म्हणाल्या आणि पुन्हा खोकल्या.

प्राजक्ताने लेकीला उचललं आणि समोरची बेल वाजवली. हेमांगीने दार किलकिलं करून सगळं ऐकून घेतलं. मग मास्कवर दुसरा मास्क चढवून तिने हात पुढे केले.

"बाळाला दे," ती म्हणाली. "तू हिरवी ना? तू बाहेरच थांब."